भूल देणारा बेसवाला

डॉक्टरकाकांनी मला बेस गिटार शिकवायला घेतली, तेव्हा पहिले दोन शनिवार गिटारला हातही लावू दिला नाही. पहिल्या शनिवारी केबल, कोपराभोवती न पिळता, गुंडाळायला शिकवली आणि दुसऱ्या शनिवारी अँप्लिफायर उचलायला. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधला ऑगस्ट, काकांच्या गॅरेजचं दार सताड उघडं, आणि मी, बऱ्यापैकी शिकलेली, ऑफिसात चार माणसं हाताखाली असलेली केमिकल इंजिनिअर, घामानं निथळत एक काळा खोका उचलत होते, ठेवत होते आणि पुन्हा उचलत होते. समोरच्या घरातला म्हातारा कुत्र्याला फिरवायला निघाला होता. तो थांबून बराच वेळ बघत राहिला. कुत्राही बघत राहिला.

"पाठीनं नाही, मांड्यांनी उचल," काका खुर्चीत बसून सांगत होते. "बेसवाले बोटांनी रिटायर होत नाहीत. कंबरेनं होतात."

"काका, पण वाजवायचं कधी?"

"वाजवण्यात काय आहे? चार तर तारा आहेत. काहून घाई करते?"

काका मूळचे नागपूरचे. अमेरिकेत येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की त्यांचं इंग्रजी टेक्सासचं झालं होतं, पण 'काहून' काही सुटलं नव्हतं.

बेस गिटार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते बहुसंख्य आहेत. गाण्याच्या कार्यक्रमात स्टेजवर ड्रमच्या बाजूला एक माणूस लांब दांड्याची गिटार घेऊन उभा असतो आणि त्याच्याकडे कुणीही बघत नसतं. तो बेसवाला. गाणं रंगलं की छातीत जे धुम्म धुम्म होतं, ते त्याचं असतं. लोकांना वाटतं ड्रमचं आहे. काकांना याचा विषाद तर नव्हताच, उलट अभिमान होता, कारण त्यांचा मूळ धंदाच तसा होता. काका भूलतज्ज्ञ होते.

"सगळं आयुष्य मी पेशंटला झोपवलं, झोपेत जिवंत ठेवलं आणि वेळेवर उठवलं," ते सांगायचे. "उठल्यावर तो फुलं कुणाला पाठवायचा? सर्जनला. माझं नावसुद्धा त्याला माहीत नसायचं. आणि ते बरंच. पेशंटला भूलवाला लक्षात राहिला, तर समजावं की काहीतरी बिघडलं होतं."

तर त्यांच्या मते बेसचं नेमकं तेच होतं. गाणारा म्हणजे सर्जन. फुलं त्याला, फोटो त्याचा, उशीर झाला तरी त्याला माफी. ड्रमर म्हणजे पेशंटचं हृदय, आणि आमच्या ड्रमरच्या बाबतीत ते कायमचं धडधडणारं. बेसवाल्यानं शांत उभं राहून सगळ्यांना जिवंत ठेवायचं. कार्यक्रमानंतर कुणी येऊन म्हणालं की आज बेस काय सुंदर वाजला, तर काका घरी जाताना गाडीत विचार करत बसायचे की आपलं चुकलं कुठे.

माझी निवड त्यांनी गणपतीच्या आरतीत केली होती. आमच्या महाराष्ट्र मंडळाची आरती म्हणजे काय प्रकार असतो हे मी वेगळं सांगायला नको. ज्याच्या हाती झांज लागते, तो आठवडाभराचा ऑफिसमधला राग तिच्यावर काढतो. आरती संपली तरी झांजा वाजतच राहतात. त्या गोंधळातून काका माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "सगळे वाजवत होते. थांबायच्या जागी तू एकटीच थांबलीस. बेस शिकशील?" मी खरं तर प्रसादाच्या रांगेत पुढे जाता यावं म्हणून थांबले होते. पण ते सांगायची वेळ नव्हती.

कार्यक्रमाला ते 'गिग' म्हणत आणि गिगला येताना उपाशी यायला लावत. ऑपरेशनच्या आधीचा नियमच त्यांनी इकडे आणला होता. स्टेजवर चढायच्या आधी ते गायकांपासून सगळ्यांना गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "शेवटचं कधी खाल्लंस? काय खाल्लंस?" आमची मुख्य गायिका दातांची डॉक्टर होती. ती एकदा चिडून म्हणाली, "काका, प्लीज. मी गाणार आहे, माझं अपेंडिक्स काढायचं नाहीये." काका म्हणाले, "दही खाल्लंय तू. ऐकू येतंय." तिनं खाल्लंच होतं.

वादकांसाठी तर नियम आणखी कडक होता. गुलाबजाम, जिलबी, समोसा, तेल सुटणारं काहीही बंद. पाकाच्या बोटांनी कुणी तारेला हात लावला की ती तार मेलीच म्हणून समजावं. दिवाळीच्या एका कार्यक्रमात आमच्या गिटारवाल्यानं मध्यंतरात जिलबी खाल्ली आणि दुसऱ्या भागात त्याची बोटं तारांवरून सरकेचनात. काकांनी आपल्या बॅगेतून ऑपरेशन थिएटरमधला स्पिरिटचा बोळा काढला आणि चालू गाण्यात, स्वतःचा ठेका न सोडता, एका हातानं त्याच्यापुढे धरला. ते हे कसं करू शकले हे मला अजून कळलेलं नाही. बेसला दोन हात लागतात.

त्या बॅगेत काय नसायचं? चिकटपट्टी, फ्यूज, जास्तीची केबल, टॉर्च, कानात घालायचे बोळे, बॅटऱ्या, आणि ड्रमर झोपला तर म्हणून एक चिमटीएवढी तपकीर. पायात थिएटरमधले लाकडी तळव्यांचे बूट आणि अंगात झब्बा. या अवताराबद्दल कुणी बोललं तर म्हणायचे, "तीन तास एका जागी उभं राहायचं असलं की पाय आधी बोलतात, मग बोटं. झब्ब्याकडे कोण बघतंय? माझ्याकडेच कोण बघतंय?"

त्यांच्या अँपवर एक बटण होतं, त्यावर मात्र आमच्या सगळ्यांचा जीव होता. आमच्या मंडळाचा साउंड सांभाळणारा दरवर्षी नवा असतो आणि तो कायम सॉफ्टवेअरमधला असतो. त्याला साउंडमधलं एवढंच माहीत असतं की दिवा लागला की आवाज येतो. त्यामुळे कार्यक्रमात पहिल्या गाण्यानंतर कुणीतरी पदाधिकारी वाकून वाकून स्टेजजवळ येणार आणि काकांना म्हणणार, "काका, बेस जरा जास्त होतोय." काका लगेच मान डोलवायचे, अँपकडे जायचे, चष्मा नाकावर घ्यायचे, आणि त्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणाला केसभर फिरवायचे. "आता?" पदाधिकारी कान टवकारून ऐकायचा आणि म्हणायचा, "आता परफेक्ट." ते बटण आत कशालाही जोडलेलं नव्हतं. काकांनी ते स्वतः बसवलं होतं.

"ही आयडिया थिएटरमधली," त्यांनी मला सांगितलं. "सर्जन ओरडायचा, पेशंट हलतोय. पेशंट नसायचा हलत, सर्जनचाच हात हलत असायचा. मी मशिनजवळ जायचो, काहीच करायचो नाही आणि म्हणायचो, आता बघा. तो म्हणायचा, थँक यू, मच बेटर."

काका वाजवायचे बरे, फार थोर नाही. हे मी इतर बेसवाले ऐकल्यावर म्हणते आहे. पण गाणाऱ्याला सोडायचे नाहीत. आमची डेंटिस्ट एका वाढदिवसाच्या गिगला घसा बसलेला असताना आली. कुणाच्या तरी साठीची पार्टी होती, बंगल्यामागचं अंगण, पलीकडे स्विमिंग पूल, हवा अशी दमट की गिटारचं लाकूडसुद्धा घाम पुसत होतं. तिची पट्टी काळी चार ठरलेली. ती सुरू झाली ती कुठून तरी खालून, काळी नाही आणि चार तर नाहीच. कीबोर्डवाला तत्त्वाचा माणूस. तो काळी चारवरच ठाम. गिटारवाला त्याच्या बाजूला. दोघंही तिच्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू ती चुकीच्या घरात शिरली आहे. काका मात्र दुसऱ्या ओळीला खाली घसरले आणि तिच्या पायाखाली जाऊन उभे राहिले. जमीन तिकडे गेल्यावर बाकीच्यांना जाणं भागच पडलं. पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पाणीपुरीकडे होतं.

नंतर काका मला म्हणाले, "गाणारा खड्ड्यात पडला, तर काठावर उभं राहून 'खड्डा आहे' असं सांगायचं नाही. आधी उडी मारायची. कुणी ढकललं त्याची चौकशी घरी गेल्यावर."

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही अशीच उफराटी होती. फर्माईश घेऊन कुणी काका लोक हातात ग्लास घेऊन आले, तर एक शब्द न बोलता गिटारवाल्याकडे बोट दाखवायचं. चुकीचा सूर लागला तर पुढच्या वेळी त्याच जागी तोच सूर पुन्हा लावायचा. लोक म्हणतील, मुद्दाम केलंय. घाबरली असशील तर ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघ, प्रेक्षकांकडे बघू नकोस. प्रेक्षक तुझ्याकडे बघत नाहीयेत, ते फोनमध्ये आहेत. आणि सर्वात महत्त्वाचं, बेसवाल्यानं तोंड उघडायचं नाही. माईक पुढे केला तरी नाही. काका हे शेवटचं इतकं पाळायचे की आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "काका, आरतीत तरी म्हणा." त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवत राहिले.

या माणसाबरोबर काकू कशा राहिल्या, हा प्रश्न पडायच्या आत त्याचं उत्तर काकूच देऊन टाकायच्या. "दिवसा लोकांना झोपवायचे आणि संध्याकाळी बेस वाजवून मला," त्या म्हणायच्या. काकू गायच्या. मी या गावात यायच्या आधी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं एक गाणं ठरलेलंच असे, असं जुने लोक सांगतात. मग त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, तब्येत सुधारली, पण आवाज पूर्वीचा राहिला नाही. तो खाली उतरला आणि मधेच, न सांगता, हातातून सुटायला लागला. "माझा आवाज तळमजल्यावर राहायला गेलाय," काकू हसत सांगायच्या, "आणि तिथला जिना मोडलाय." त्यानंतर त्या स्टेजवर गेल्या नाहीत. शेवटच्या रांगेत चहाचा थर्मास घेऊन बसायच्या आणि सगळी गाणी मनातल्या मनात म्हणायच्या. काकांचं त्यांच्याकडे लक्ष असायचं.

त्यांना एकच मुलगी, रेवा. ह्यूस्टनला जन्मलेली, उंच, हुशार, वकील. आईबापांशी इंग्रजीत बोलायची आणि ते तिच्याशी मराठीत, आणि भांडणसुद्धा असं दोन भाषांत बिनचूक चालायचं. तिचं लग्न ऑस्टिनकडच्या एका मुलाशी ठरलं. मुलगा पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा काकांनी त्याला गॅरेजमध्ये नेऊन अँप उचलायला लावला. तो बिचारा पाठीनं उचलायला गेला. रात्री काकांनी निकाल दिला, "मुलगा चांगला आहे. कंबर जाईल."

रेवाची सहनशक्ती इथं संपली असावी. कारण तिच्या लहानपणीचा हिशोब मोठा होता. शाळेतल्या केक विकायच्या कार्यक्रमाला तिचे बाबा अँप घेऊन गेले होते. सोळाव्या वाढदिवसाला आलेल्या मुलामुलींना त्यांनी टकटक करून ताल मोजणारा मेट्रोनोम लावून टाळ्या वाजवायला बसवलं होतं, आणि जो चुकला त्याला केक उशिरा. तेव्हा लग्नाच्या बोलणीत, सगळे जेवायला बसलेले असताना, मीही तिथं होते, रेवानं काटा खाली ठेवला.

"बाबा, वन थिंग. यू आर नॉट प्लेइंग अॅट माय वेडिंग. नो बेस. आय वाँट माय डॅड, दॅट्स ऑल. प्रॉमिस?"

काकांनी वरणात लिंबू पिळलं. "नाही वाजवणार," ते म्हणाले. "दिला शब्द." आणि काका शब्दाचे पक्के होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

अडचण अशी झाली की पुढच्याच आठवड्यात काकूंनी एक मंगलाष्टक लिहिलं. रेवासाठी, स्वतः, चार ओळी, अगदी वृत्तात बसवून. आपल्याकडे मंगलाष्टकात मुलगी चिमणीच असते, मग ती जमिनीवरून पावणेसहा फूट का असेना, तशी इथंही होतीच: 'माझी ही चिमणी उडून निघली, आता तिच्या अंगणी'. पण तिसरी ओळ काकूंच्या स्वभावाची होती: 'बाबा वाजवती घरात बसुनी, आई तुला सांगते'. काकूंनी ते काकांना वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "हे मला स्वतःला म्हणायचंय. लेकीच्या लग्नात. पण सूर सुटला तर चारशे लोकांसमोर शोभा होईल." आणि या गृहस्थांनी मागचापुढचा विचार न करता सांगितलं, "गा तू. मी आहे ना खाली धरायला."

म्हणजे घरातल्या दोन बायकांना त्यांनी दोन उलटे शब्द देऊन ठेवले.

ही सगळी हकीकत त्यांनी मला माझ्या दारात उभं राहून सांगितली. पाठीमागे गाडीच्या डिकीतून अँप डोकावत होता.

"मी वाजवणार नाही म्हणालो," ते म्हणाले. "तू कुठं काय म्हणालीस?"

"काका, रेवाच्या मनात काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. ती माझ्यावर चिडेल."

"तुझ्यावर चिडेल ना? माझ्यावर तर नाही?"

त्यांनी हे हसत म्हटलं, पण मग हसणं थांबवून रस्त्याकडे बघत राहिले. "तुझ्या काकूला गायचंय गं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिनं स्वतःहून म्हटलंय. आता नाही गायली तर नाही गाणार परत." मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी डिकीकडे गेले आणि अँप उचलला, मांड्यांनी.

मग गॅरेजमध्ये तालमी सुरू झाल्या. मंगलाष्टकाला ताल नसतो. ज्याला जिथं दम लागेल तिथं तो थांबतो. ठेक्यावर जगणाऱ्या माणसाला हे म्हणजे रस्त्यावरचे सगळे सिग्नल बंद पडल्यासारखं होतं. काकांनी तारांखाली, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ, भांडी घासायच्या स्पंजाचा एक तुकडा सारला. त्यानं आवाज मऊ आणि बुटका होतो. "अंगठ्यानं वाजव," ते म्हणाले. "सा आणि पंचम, बास. लोकांना वाटलं पाहिजे की एसीचा आवाज येतोय."

"आणि काकू कधी सुरू करणार, हे कसं कळणार?"

"तोंडाकडे बघू नको. खांद्याकडे बघ. श्वास घेतला की खांदा उचलतो. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? लोकांचा श्वास बघितला."

तसं बघितलं आणि जमायला लागलं. काकूंचा सूर दुसऱ्या ओळीत घसरायचा, रोज वेगळ्या ठिकाणी, आणि मी खाली उडी मारायची. तिसऱ्या ओळीला आम्ही तिघंही हसायचो आणि पुन्हा पहिल्यापासून. काका बेसला हात लावायचे नाहीत. शब्द म्हणजे शब्द. खुर्चीत बसून त्यांची डाव्या हाताची बोटं मात्र गुडघ्यावर चालायची.

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये एसी इतका होता की शालू नेसलेल्या बायका स्वेटर शोधत होत्या. नागपूरहून काकांच्या मोठ्या बहीण आल्या होत्या. त्यांना कळलं की काकू मंगलाष्टक म्हणणार, तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला. "नवरीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात. तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं असतं."

"ताई, ती कुठं ऐकणार आहे? ती म्हणणार आहे," काका म्हणाले.

पण तुळस आणलेलीच होती, कुणाच्या तरी घरची, मोठ्या कुंडीत. ती मांडवाच्या कोपऱ्यात ठेवली, तिच्या मागे अँप ठेवला, आणि अँपच्या मागे मी बसले. केबल मी स्वतः सतरंजीखालून नेऊन चिकटपट्टीनं दाबून टाकली होती. नवरदेवाच्या वाटेत केबल आली तर लग्न लागायच्या आधी खटला लागेल, आणि नवरी वकील.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. आधी आत्याबाई. त्यांचा सूर नागपूरहून विमानात बसलाच नव्हता. मग एक मावशी, त्या आत्याबाईंच्या वर चढल्या. मग कुणाचे तरी मेहुणे, फोनमध्ये बघून वाचणारे, आणि फोन मधेच बंद पडला. प्रत्येकाची पट्टी वेगळी. अमराठी पाहुणे फार श्रद्धेनं ऐकत होते. त्यांना वाटलं असेल की हे असंच असतं, आणि ते बरोबरच होतं. प्रत्येक 'सावधान'ला सगळीकडून अक्षता उडत होत्या. माझ्या केसांत तांदूळ अडकले होते.

मग काकू पुढे आल्या. काका त्यांच्या शेजारी, उपरणं घेतलेले, हात मोकळे. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं हे मला लांबून दिसत होतं.

काकूंचा खांदा उचलला. मी अंगठा टेकवला. पहिली ओळ आली, तळमजल्यावरून, पण सरळ. रेवाची मान अंतरपाटापलीकडे किंचित वळली. ते मी बघितलं, पण आता थांबायची सोय नव्हती. दुसऱ्या ओळीत सूर घसरला, मी घसरले, तो पुन्हा सावरला. आता तिसरी. खांदा उचलला आणि काकूंनी काकांकडे बघितलं.

तालमीत या ओळीला आम्ही हसायचो. त्या दिवशी काकू हसल्या नाहीत. काकांचे ते रिकामे हात त्यांना दिसले असावेत. खांदा उचललेलाच राहिला. आवाज आला नाही. मी सा धरून ठेवला. पुन्हा वाजवला. पुन्हा. काकूंचे डोळे भरून आले आणि ओठ नुसते हलले. मागच्या बाजूला कुणाला तरी वाटलं की संपलं, म्हणून मूठभर अक्षता आल्या आणि एक अर्धवट 'सावधान' झालं. काकू अगदी एकट्या दिसत होत्या. मला खड्ड्यात उडी मारायची होती, पण आवाजच नव्हता, उडी कुठं मारणार?

आणि काका गायला लागले.

'बाबा वाजवती घरात बसुनी'. मोठ्यांदा. माईकशिवाय, चारशे माणसांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा, भरड, फाटका, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी त्यांच्या खाली जायला तार शोधली. एक घर वर गेले, तिथं ते नव्हते. एक घर खाली आले, तिथंही नव्हते. ते मधे कुठेतरी होते आणि तिथंही फार वेळ थांबत नव्हते. त्या सुराला माझ्या बेसवर जागाच नव्हती. मग मी चारही तारांवर तळवा ठेवला आणि गप्प बसले. 'आई तुला सांगते', काकांनी ओळ संपवली. चेहरा लालबुंद झाला होता. काकू रडता रडता हसल्या, श्वास घेतला आणि चौथी ओळ त्यांनी काकांच्या त्याच सुरात उचलली. दोघंही सारखेच बेसूर. मग 'सावधान' झालं आणि इतक्या अक्षता पडल्या की तुळशीची कुंडी पांढरी झाली.

जेवणाच्या वेळी मी अँप आवरत होते. केबल गुंडाळत होते, कोपराभोवती नाही. रेवा माझ्याकडे येताना दिसली, नऊवारी सावरत, मुंडावळ्या एका बाजूला गेलेल्या. आता ऐकून घ्यायची वेळ आली, असं मला वाटलं.

"आय न्यू फ्रॉम द फर्स्ट नोट," ती म्हणाली. "ताई, आय ग्रू अप स्लीपिंग ओव्हर दॅट गराज. यू थॉट आय वुडन्ट नो?"

"मग थांबवलं का नाहीस?"

"मॉम वॉज सिंगिंग." तिनं खांदे उडवले. मग विचारलं, "बट देन यू स्टॉप्ड. व्हाय?"

"तुझे बाबा गायला लागले. मला त्यांचा सूर सापडेना."

तिनं हॉलच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथं काका नवऱ्या मुलाच्या आईला काहीतरी समजावून सांगत होते आणि काकू त्यांच्या उपरण्यावरचे तांदूळ झटकत होत्या.

"ही'ज सो बॅड," रेवा म्हणाली. "ओ माय गॉड, ताई, ही'ज सो, सो बॅड." तिचं काजळ गालावर यायला लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. "थर्टी वन इयर्स. आय नेव्हर हर्ड हिम सिंग."

आणि मग, माझ्याशी कधीही मराठीत न बोललेली ती मुलगी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाबांना सांग ना. परत म्हणायला सांग."